गुरुवारचं पाणी

माझ्या नवऱ्याच्या गाडीला रोही आडवा आला, हे वाक्य मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते सांगता सांगता माझी मेथीची जुडी निवडून होते. अकोटहून अकोल्याला येत होता. दिवेलागणीची वेळ, दोन्ही बाजूंना कपाशी, आणि कपाशीतून ती घोड्याएवढी नीलगाय थेट रस्त्यावर. हेल्मेट आरशाला लटकलेलं होतं. हात शाबूत, पाय शाबूत, चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही. मार बसला तो डोक्याच्या आत, आणि आतलं कोणाला दिसत नाही.

म्हणून भेटायला येणारे सगळे एकच बोलत, "दिसायले तं चांगले हायेत." सुरुवातीला मी समजावून सांगत असे. पुढे नुसतं "हो" म्हणायला लागले. समजावून सांगायलाही अंगात जोर लागतो. नंतर येणारेही कमी झाले. रोज मरे त्याला कोण रडे, यात त्यांची चूक नाही.

जुनं सगळं त्याच्या डोक्यात जागच्या जागी होतं. तो कृषी सहायक होता. कोणत्या गावच्या कोणत्या शिवारात पाणी किती खोल, हे तो झोपेतही सांगेल. पण नवीन काही टिकत नव्हतं. जेवण झालं की दहा मिनिटांनी विचारायचा, आज जेवायचं नाही का? गॅसचं बटण फिरवून काडी शोधायला जायचा आणि काडी कशाला हवी होती ते विसरून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. त्यामुळे त्याला एकटं सोडणं शक्य नव्हतं. आणि आणखी एक. माणूस आपल्या नेहमीच्या जागेवर दिसला तर ओळखायचा. दूधवाला आमच्या फाटकाशी आला की नावानं हाक मारायचा, तोच दूधवाला एकदा दवाखान्यात बाकावर शेजारी बसला, तर त्याला विचारलं, "कोन्या गावचे तुमी?" दूधवाला बिचारा माझ्याकडे बघत राहिला.

घरात आम्ही तिघं. तो, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले, पण कान तिखट. त्या पलंगावर बसून आवाज द्यायच्या, "गेला व तो दाराकडे," आणि मी धावायची. एका खासगी शाळेच्या ऑफिसात मी काम करत होते, ते सोडून झालं होतं. नोकरी गेली त्याचं मला फार वाटलं नाही, हे लोकांना खरं वाटत नाही. मला वाटायचं ते झोपेचं. तो दर थोड्या वेळानं मला हाक मारायचा, मी कुठे आहे हे पाहायला, आणि मी दिसले की "काही नाही" म्हणायचा. दुपारी नाही, रात्री नाही, सलग झोप अशी मला दोन वर्षांत लागली नव्हती. मला देवदर्शन नको होतं, माहेर नको होतं, सिनेमा तर नकोच. कुठेतरी पंखा लावून, दार लावून, कोणी हाक मारणार नाही अशा खोलीत एक दुपार झोपायचं होतं. एवढ्या एका गोष्टीवर त्या वर्षी माझा जीव अडकला होता.

अमरावतीची एक संस्था अशा घरांसाठी काम करते, हे मला न्यूरोच्या डॉक्टरांकडे रांगेत बसलेल्या बाईनं सांगितलं. संस्था म्हणजे तरी काय, एका भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. चालवणाऱ्या ताईंचा स्वतःचा भाऊ तसाच कित्येक वर्षं घरात होता. त्या अकोल्यात आल्या, आमचं घर फिरून पाहिलं आणि सल्ल्याच्या नावाखाली भाषण केलं नाही, यावरच मी त्यांना मानलं. त्यांनी कपाटांच्या दारांवर आतल्या वस्तूंची चित्रं चिकटवायला सांगितली. सिलेंडर रेग्युलेटरवर बंद करायला सांगितलं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी कुठल्या खिडकीवर उभं राहायचं ते सांगितलं, कारण हातपाय धड असलेल्या माणसाचा दाखला काढणं हे मोठं दिव्य. आणि शेवटी म्हणाल्या, "दर गुरुवारी दुपारी आमचं एक माणूस येऊन यांच्याजवळ बसेल. तुम्ही मोकळ्या. बाहेर जा. घरात थांबायचं नाही."

मी त्यांच्या पाया पडायचीच काय ती राहिले होते.

माझी एक मैत्रीण डाबकी रोडला राहते. शिक्षिका आहे, दुपारभर शाळेत. तिला सांगितलं तर तिनं घराची एक किल्लीच माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कूलरमध्ये पानी टाकून ठेवतो. झोप." मैत्रिणीच्या रिकाम्या घरात झोपायला जाणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पहिल्या गुरुवारी संस्थेकडून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. भला माणूस. पायातल्या चपला काढून आत आले, आणि सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "पाहुणे आले व. पोहे टाक." आता घरी आलेल्या माणसाला पोहे न देता आपण निघून कसं जायचं? पोहे झाले. चहा झाला. ते संकोचले, म्हणून आग्रह झाला. मग सासूबाई म्हणाल्या, "दुपारच्या वक्ताले आलेला मानूस जेवल्याबिगर कसा धाडाव?" मी कणीक मळली. बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला, कारण वांग्याची भाजी पाहुण्यासमोर ठेवायला बरी वाटेना. ते जेवले, तृप्त झाले, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "चला, वेळ झाली." मी भांडी घासायला बसले. डाबकी रोडची किल्ली माझ्या पर्समध्ये तशीच होती.

पुढच्या गुरुवारीही तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी ते बायकोलाही घेऊन आले, पातोडी कशी करतात ते पाहायला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, म्हणतात ते हेच. बुधवारी रात्रीच मला उद्या काय करायचं याची धास्ती लागायची.

महिन्याच्या शेवटी संस्थेनं सगळ्या घरांतल्या बायकांना अमरावतीला एका मंगल कार्यालयाच्या सभागृहात बोलावलं. ताईंनी विचारलं, "गुरुवारी मोकळ्या वेळात काय केलं, एकेकीनं सांगा." मग शेंदूरजनाघाटची एक बाई, जिचा मुलगा संत्र्याच्या ट्रकवरून पडला होता, हळूच म्हणाली, "मी पुरन शिजवलं. पयल्याच वक्ताले आली होती न ते बाई घरी." दुसरी म्हणाली तिनं वडाभात केला. तिसरीनं तर येणाऱ्या बाईची ओटी भरली होती. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि सगळ्या हसायला लागलो. किती दिवसांनी हसले ते आठवेना. ताई मात्र हसल्या नाहीत. डोक्याला हात लावून बसल्या. मग म्हणाल्या, "आजपासून नियम. आमचा माणूस तुमच्या घरचं काही घेणार नाही. डबा त्याचा, बाटली त्याची. पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाणी घेतलं की चहा येतो, चहा आला की पोहे येतात. ज्या घरी नियम मोडेल त्या घराचा गुरुवार बंद."

सर्वांत जोरात टाळी मी वाजवली.

नवा नियम झाल्यावर आमच्याकडे बँकवाल्यांऐवजी एक काकू यायला लागल्या. पातूरकडच्या शेतकरी घरातल्या, नवरा गेल्यावर अकोल्यात मुलाकडे राहायला आलेल्या. जाड भिंगांचा चष्मा, नऊवारी नाही पण पदर मात्र डोक्यावरून. एका हातात डबा, एका हातात पाण्याची बाटली, आणि पिशवीत शेंगा, कारण त्याला शेंगा फोडायला दिल्या की तो शांत बसतो हे त्यांना ताईंनी सांगितलेलं. मी चप्पल घालतच होते, तेवढ्यात तो आतून पाण्याचा पेला घेऊन आला.

हे इथं सांगायला हवं. आमच्या घरात येणाऱ्याला आधी पाणी, मग बोलणं. ही त्याच्या आईची शिस्त, आणि तिनं ती त्याच्यात लहानपणापासून ठोकून बसवलेली. साहेब येवो की रद्दीवाला, पाणी स्वतः उठून द्यायचं. अपघातानं कितीतरी सवयी मोडल्या, ही मोडली नाही.

"घ्या," तो म्हणाला.

"नोको भाऊ, माह्याजवळ हाये," काकू म्हणाल्या आणि बाटली दाखवली.

त्यानं पेला परत नेला. मी निघाले. डाबकी रोडच्या त्या खोलीत कूलरसमोर पडले आणि मेल्यासारखी झोपले. संध्याकाळी घरी आले तेव्हा अंग इतकं हलकं होतं की मला स्वतःचीच लाज वाटली. काकू गेल्या. मी सासूबाईंना म्हटलं, "बरं झालं न आई?"

त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "ते बाई पुन्हा नोको."

"काहून?"

"सारी दुपार माह्या पोरानं पानी नेलं तिच्याम्होरं. नेते, ते नोको म्हनते, हा परत आनते, विसरते, पुन्हा नेते. एक घोट नाही घेतला तिनं आपल्या घरचा. डोये नसले तरी मले आयकू येते."

मी सगळं समजावलं. ताई, अमरावती, पुरण, वडाभात, नियम. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "पोरी, मी कापूस वेचायले जावो तवा मालकीन वरून पानी ओते. आमी खाली ओंजय धरून. धर्म घेतला होता, तरी ओंजयच. मालकीन वाईट नव्हती. मायाळू होती. म्हने, मी का करू, नियम हाये."

मला त्यांचा राग आला, हे खरं आहे. मला माझी झोप मिळाली होती, एकदाची, आणि आता त्यांच्या साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या तहानेसाठी ती जाणार होती. आणि मग दुसराच विचार मनात शिरला, आणि तो काही केल्या जाईना. काकू नियमासाठीच नको म्हणाल्या होत्या, की नियम त्यांना सोयीचा पडला होता? भिंतीवरचे फोटो त्यांनी पाहिले होते. आमचं आडनावही त्यांना माहीत होतं. मी शिकलेली, नोकरी केलेली बाई. मला असले संशय येत नाहीत असं मला वाटायचं.

ताईंना फोन केला. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "मला समजतं आहे हो. पण एका घरी पाणी चाललं की सगळ्या घरी चालेल, आणि महिन्याभरात पुन्हा पुरण. मी तरी किती घरांना समजावू?" त्यांचाही आवाज दमलेला होता. दमलेल्या बाईशी दमलेल्या बाईनं भांडायचं कसं? मी फोन ठेवला.

गुरुवार आला. काकू फाटकाशी आल्या तेव्हा सासूबाई काठी टेकत दारात येऊन उभ्या होत्या. "आज काम नाही," त्या म्हणाल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना ओट्याच्या कोपऱ्यात घेतलं आणि काय झालं ते सरळ सांगून टाकलं. मनातला संशयसुद्धा सांगितला. मला गोड बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, "तुमच्या मनात तसं असेल तर आजच कळू द्या, म्हणजे मी गुरुवारची वाट पाहणं सोडते."

काकूंचा चेहरा उतरला. त्या चष्मा काढून पुसायला लागल्या.

"माह्या सासूच्या राज्यात असंच होतं," त्या म्हणाल्या. "मीच ओतलं हाये वरून. खोटं कायले बोलू. पन त्या दिवशी तसं नव्हतं. बाटलीतलं पानी तापून चहा झालतं, अन् तुमचा मानूस थंडगार माठातला पेला घेऊन उभा. जीभ टाळूले चिकटली होती माही. पन अमरावतीच्या बाईनं दम देल्ला न."

मग त्या सासूबाईंच्या बाजूनं आत गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, पानी द्या."

त्यानं आणलं. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि सगळा संपवला. सासूबाई दारातच उभ्या होत्या, मान तिरकी करून, ऐकत. पेला खाली ठेवल्याचा आवाज आला तेव्हा त्या काठी टेकत पलंगाकडे निघाल्या. मला वाटलं, मिटलं.

मिटलं कसलं. थोड्या वेळानं तो पुन्हा पेला घेऊन आला. आता नको म्हणण्याची सोय काकूंनी ठेवली नव्हती. त्या प्याल्या. शेंगांचं एक टोपलं होईपर्यंत पुन्हा आला, पुन्हा प्याल्या. चौथ्यांदा की पाचव्यांदा त्यांनी माझ्याकडे केविलवाणं पाहिलं तेव्हा पलंगावरून आवाज आला, "पुरे कर रे बावा. बाईले फुगवशीन." आणि मग, "सूनबाई, चहा टाक."

"चहा टाकला तं मी पुन्हा येत नाही," काकू म्हणाल्या. "पानी पेतो. पानी अन् पानीच. अन् अमरावतीले सांगू नोका."

असं ते ठरलं. पुढे काकूंनी छोटी वाटी मागून घेतली, त्याला वाटीतून पाणी द्यायला शिकवायचा प्रयत्न केला, पण त्याला ते पटलं नाही. पाहुण्याला वाटीत पाणी देतात का? शेवटी त्या पेलाच घ्यायच्या आणि एकेक घोट पिऊन ठेवायच्या. दोघी म्हाताऱ्या हळूहळू बोलायला लागल्या. मैत्री वगैरे झाली असं मी म्हणणार नाही. गुडघ्यांवर बोलायच्या, मोतीबिंदूच्या शिबिरावर बोलायच्या, आणि मधूनमधून गप्प बसायच्या. तेवढं पुरे होतं. मी निघायची.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी तिकडे इतकी झोपले की मैत्रीण शाळेच्या कामावरून परत आली तरी मला कळलं नाही. तिनं उठवलं नाही. उठले तेव्हा उन्हं कलली होती. तिनं आग्रहानं अंघोळ करायला लावली, माझा गाऊनवजा ड्रेस घामानं भिजला होता म्हणून तिची निळी साडी दिली, केस विंचरून दिले. आरशात पाहिलं तर डोळ्यांखालचं काळं जरा कमी दिसलं. रिक्षानं घरी आले. एरवी मी मागच्या दारानं, धुण्याच्या दगडावरून थेट स्वयंपाकघरात शिरते. त्या दिवशी रिक्षा समोर थांबली, म्हणून मी समोरच्या दारानं आत गेले.

काकू निघायच्या तयारीत होत्या. सासूबाई पलंगावर. तो शेंगांची टरफलं गोळा करत होता. मला पाहिलं आणि उठून उभा राहिला, अदबीनं. आत गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

"बसा. उन्हाचं आल्या तुमी. घ्या," तो म्हणाला. "कोन्या गावच्या?"

काकूंचा हात तोंडावर गेला. सासूबाईंनी मान वर केली. पेला माझ्यासमोर होता.

माझं माहेर अकोटचं. "अकोट," मी म्हटलं.

"लांबून आल्या मंग. सांभायून जा जातानी, त्या रस्त्यानं रोही लय निंगतात." मग जरा अजिजीनं म्हणाला, "माही बायको येईनच आता. दमते ते लय. आली का चहा टाकीन ते."

मी खुर्चीवर बसले. मला फार वाईट वाटलं. बावीस वर्षांचा संसार, आणि मी एक साडी बदलून समोरच्या दारानं आले तर त्याच्यासाठी परकी. आणि त्याच वेळी, हे लिहितानाही मला कसंतरी वाटतं, पण माझा घसा कोरडा होता, आणि बाहेरून आल्यावर कुणी उठून माझ्या हातात पाणी दिलं असं अपघातानंतर एकदाही घडलं नव्हतं. मी दमते हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्याला ते माहीत होतं, म्हणजे. मी पाणी प्याले. माठातलं, गार. सगळं प्याले.

"येऊ द्या तिला सावकाश," मी म्हटलं.

काकू गेल्या. मी आत जाऊन साडी बदलली, नेहमीचा ड्रेस घातला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलं. भांड्याचा आवाज झाला तशी बाहेरून त्याची नेहमीची हाक आली, आणि पाठोपाठ तो दारात आला. मी जागेवर होते. त्यानं मला ओळखलं. चेहरा मोकळा झाला.

"केव्हा आली तू? एक पाहुनी आली होती आता. अकोटची."

"हो का."

"बसली नाही वाटते. पानी तरी पेली का तिनं?"

मी साखर टाकत होते. वर पाहिलं नाही.

"पेली," मी म्हटलं. "सारं पेली."